ट्रम्पेट, पियानो आणि मधली हवा

जुन्या यंत्रांवर नवे ध्वनिमुद्रण करण्याची हौस अमेरिकेत आणि युरोपात गेल्या काही दशकांत बरीच वाढली आहे. पूर्वीचे रिबन मायक्रोफोन, व्हॉल्व्हवर चालणारे अ‍ॅम्प्लिफायर, रिळांवर फिरणारी चुंबकीय फीत असा जामानिमा जमवायचा, संगणक खोलीबाहेर ठेवायचा आणि वादकांना एकत्र बसवून वाजवायला सांगायचे. जॅझवाल्यांना ही ओढ अधिक. त्यातही पियानो आणि ट्रम्पेट अशा दोघांचीच मैफल असेल तर जुने यंत्र हवेच, असा काहींचा आग्रह असतो. या तबकड्यांच्या वेष्टनांवर आणि परीक्षणांत एक शब्द हटकून येतो, तो म्हणजे 'ऊब'. जुन्या यंत्रात ऊब असते, नव्यात नसते. जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींच्या बोलण्यातही हा शब्द रुळला आहे. आमचा आक्षेप त्या शब्दावर आहे.

ऊब म्हणजे काय, हे यंत्राच्या अंगाने सांगता येते. फितीवर मर्यादेपलीकडे जोराचा आवाज गेला की ती तो जसाच्या तसा पेलत नाही. स्वराची टोके बोथट होतात आणि मुळात नसलेले काही उपस्वर त्यात मिसळतात. रिबन मायक्रोफोन वरचे तीक्ष्ण स्वर जरा हात आखडूनच घेतो. दोन्ही मिळून ट्रम्पेटची धार खाली बसते आणि आपण म्हणतो, वा, काय ऊब आहे! म्हणजे हा यंत्राचा दोषच, फक्त कानाला गोड लागणारा. गोड दोषांशी आमचे वैर नाही. पण आज हाच दोष संगणकात एक कळ दाबून आणता येतो. जुन्या यंत्राची सगळी मातब्बरी उबेत असेल, तर ती मातब्बरी संपली असे म्हणावे लागेल. आम्हांला ती संपलेली वाटत नाही, आणि तिचे कारण उबेत सापडत नाही.

आधी हे पाहू, की ही जोडीच यंत्राची एवढी कसोटी का पाहते. ट्रम्पेट हे पितळी वाद्य. त्याचे तोंड एका दिशेला असते आणि वादकाने मनावर घेतले तर समोरच्याला ऐकू येईनासे करण्याइतका त्याचा आवाज असतो. पियानो मोठा खरा, पण त्याचा स्वर हातोडीने तारेवर उमटतो आणि उमटल्या क्षणापासून विझत जातो. ट्रम्पेटवाला स्वर धरून ठेवू शकतो, फुगवू शकतो, थरथरवू शकतो. पियानोवाल्याला यांतले काहीच करता येत नाही. त्यामुळे यंत्राच्या दोन वेगळ्या खोडी ही दोन वाद्ये उघडकीला आणतात. जोर सहन होत नसेल तर ट्रम्पेट चुगली करतो. तबकडी वा फीत एकसारख्या गतीने फिरत नसेल तर पियानो सांगतो, कारण त्याच्या लांबणाऱ्या स्वरात कंप नसतोच. जरा जरी हेलकावा आला तरी तो यंत्राचा, हे कुणालाही कळते. ट्रम्पेटच्या कंपात तीच खोड लपून जाते.

आणखी एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. पियानोचा पेडल दाबलेला असताना जवळ ट्रम्पेट वाजला, तर पियानोच्या मोकळ्या तारा आपोआप घुमू लागतात. सारंगीच्या तरफांचे कामच हे, म्हणून ज्याने सारंगी ऐकली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. ही घुमक दोघांपैकी कुणी वाजवलेली नसते. ती दोघे एका हवेत असल्यामुळेच होते. दोघांना काचेच्या दोन खोल्यांत बसवून कानांवर हेडफोन चढवले, की ती गेली.

सूफी परंपरेत समाअच्या अदबीबद्दल हजरत जुनैद बगदादींचे एक म्हणणे सांगतात. इमाम गजालींनीही 'इह्या'मध्ये त्याचा आधार घेतला आहे. समाअला तीन गोष्टी लागतात: जमान, मकान आणि इख्वान. योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबत. संगीत जायज की नाजायज हा वाद आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. तो सोडवण्याचे हे ठिकाण नव्हे. पण हा दाखला आम्हांला ध्वनिमुद्रणाच्या समीक्षेसाठी कामाचा वाटतो. जुन्या यंत्राला काळ, जागा आणि सोबत वेगळी काढताच येत नव्हती. जे वाजले ते त्याच वेळी, त्याच खोलीत, त्याच माणसासमोर वाजले. नंतरच्या यंत्रांनी तिन्हींची फारकत केली. आज ट्रम्पेट न्यूयॉर्कमध्ये मार्चमध्ये आणि पियानो पॅरिसमध्ये जूनमध्ये मुद्रित करून दोघांची 'मैफल' काढता येते. वाईट होईलच असे नाही. पण तिला मैफल म्हणावे का?

आता उदाहरणाकडे वळू. लुई आर्मस्ट्राँग ६ एप्रिल १९२३ रोजी इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीच्या स्टुडिओत किंग ऑलिव्हरच्या ताफ्याबरोबर होता. त्या दिवशी त्याचीच एक रचना, 'वेदर बर्ड रॅग', मुद्रित झाली. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्यासमोर वाजवायचे, त्या आवाजाच्या दाबाने सुई हलायची आणि मेणावर खाच उमटायची. आर्मस्ट्राँगचा आवाज सगळ्यांना झाकून टाकी, म्हणून त्याला बाकीच्यांपासून कित्येक फूट मागे उभे केले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. ताफ्यात पियानोवर लिल हार्डिन होती. पुढच्या वर्षी तिचे आर्मस्ट्राँगशी लग्न झाले. कर्ण्याच्या त्या मुद्रणात तिचा पियानो शोधावा लागतो. यंत्राने एकाला मागे ढकलले आणि दुसरीला जवळजवळ पुसूनच टाकले.

१९२४च्या डिसेंबरात शिकागोत किंग ऑलिव्हर आणि जेली रोल मॉर्टन यांनी कॉर्नेट आणि पियानो अशा दोघांच्याच दोन चिजा मुद्रित केल्या. ऑर्लँडो मार्श हा माणूस तेव्हा विजेवर मुद्रण करण्याची खटपट स्वतःच्या हिमतीवर करत होता. तबकड्या इतक्या खरखरीत आहेत, की त्या ऐकायला जिद्द लागते. इतिहास म्हणून त्यांना मान द्यावा आणि पुढे जावे.

१९२५पासून वेस्टर्न इलेक्ट्रिकची पद्धत मोठ्या कंपन्यांत आली आणि मायक्रोफोनने कर्ण्याची सद्दी संपवली. पाच हजार हर्ट्‌झच्या आसपासपर्यंतचे स्वर आता तबकडीत उतरू लागले. आजच्या मानाने हे थोडेच, पण पियानोला अंग आले. याच यंत्रावर ५ डिसेंबर १९२८ रोजी शिकागोत ओके कंपनीसाठी आर्मस्ट्राँगने पाच वर्षांपूर्वीची आपली ती रचना पुन्हा वाजवली. यावेळी ताफा नव्हता, ढोल नव्हता, बास नव्हता. समोर फक्त अर्ल हाइन्स. पाऊण-एक डझन लोकांच्या गर्दीतून बाहेर काढून दोघांनाच समोरासमोर ठेवावे, तसे हे झाले आहे.

हाइन्सच्या वादनाला 'ट्रम्पेट-पियानो' असे नाव पडले होते. उजव्या हाताने तो एकच स्वर दोन सप्तकांत एकदम मारी, ट्रम्पेटने फुंकल्यासारखा. गर्दीच्या ताफ्यात पियानो ऐकू यावा यासाठी ही लकब उपयोगी पडे. पण 'वेदर बर्ड'मध्ये तिचा अर्थ बदलतो. आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट आणि हाइन्सचा ट्रम्पेटसारखा पियानो एकाच पातळीवर येऊन उभे राहतात. हाइन्स साथ करत नाही. तो डाव्या हाताचा ठेका मध्येच सोडून देतो, आर्मस्ट्राँगच्या पायाखालची फळीच काढून घेतो आणि तो कुठे पडतो ते पाहतो. आर्मस्ट्राँग पडत नाही. शेवटी दोघे छोट्या छोट्या तुकड्यांत एकमेकांना सवाल टाकू लागतात, आणि संपवायचे कुणी हे कुणालाच ठरवायचे नाही असे वाटत असतानाच ते संपते.

यातला यंत्राचा वाटा कोणता? मेणाच्या जाड चकतीवर मुद्रण होई आणि ती चकती वाजवून पाहिली तर खराब होई. म्हणजे आपण काय वाजवले हे वादकांना तेव्हाच्या तेव्हा ऐकता येत नसे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटे, त्यात सांधा नाही, दुरुस्ती नाही. आवाजाचा समतोल म्हणजे ट्रम्पेटवाला मायक्रोफोनपासून किती दूर उभा आहे, एवढेच. हाइन्सला ऐकू येईल आणि तो झाकला जाणार नाही, इतके जपून आर्मस्ट्राँगला वाजवायचे होते. त्या जपण्याला आम्ही यंत्राची शिस्त म्हणू. तेवढ्या शिस्तीत राहून दोघांनी एकमेकांवर केलेली कुरघोडी हे या तीन मिनिटांचे नाट्य आहे. यंत्र दुरुस्ती करू शकत असते, तर हाइन्सने तो धोका पत्करला असता का, ही शंका आमच्या मनातून जात नाही.

ही तबकडी लगेच बाजारात आली नाही. १९३० साली ती निघाली, तेव्हा तिच्या दुसऱ्या बाजूला त्याच वर्षी मुद्रित केलेले 'डिअर ओल्ड साउथलँड' होते. तेही ट्रम्पेट आणि पियानोच, पियानोवर बक वॉशिंग्टन. यंत्राची जात तीच. पण दुसऱ्या बाजूला पियानो अदबीने मागे चालतो आणि आर्मस्ट्राँग एकटा गातो आहे असे वाटते. सुंदर आहे, पण तिथे कसला पेच पडत नाही. नुसत्या यंत्राने काम झाले असते तर दोन्ही बाजू सारख्याच उतरायला हव्या होत्या.

शिकागोच्या त्याच मंडळींतला एक पियानोवादक पुढे आपल्याकडे आला. टेडी वेदरफर्ड. १९२६ साली अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात त्याने आर्मस्ट्राँगसोबत मुद्रण केले होते. १९३०च्या दशकात तो मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होता आणि १९४५ साली कलकत्त्यात वारला. मुंबईत त्याच्या आसपास तयार झालेल्या गोवेकर वादकांत 'चिक चॉकलेट' या नावाने गाजलेला ट्रम्पेटवादक आंतोनियो व्हाझ होता. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'मध्ये (१९५१) तो पडद्यावरही दिसतो. हे लिहिले ते एवढ्यासाठी, की जॅझ म्हटले की हा परका विषय, अशी समजूत करून पान उलटू नये.

यंत्राच्या अंगाने तर नाते अधिकच जवळचे आहे. ओके कंपनी काढणारा ऑटो हाइनेमान हा जर्मनीतल्या लिंडस्ट्रॉम कंपनीकडून अमेरिकेत आलेला, आणि ओडियन ही त्याच लिंडस्ट्रॉमची शाखा. मिरजेच्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या १९३०च्या दशकातल्या गाजलेल्या तबकड्या ओडियनच्याच नावाने निघाल्या. त्याआधी १९०५च्या सुमाराला त्यांचे गाणे कर्ण्यातून मुद्रित झाले होते. दोन्ही ऐकून पाहावीत. कर्ण्याला जोर लागतो आणि खाँसाहेबांच्या गळ्याचा धर्म नाजूक. मायक्रोफोन आला तेव्हा ते साठीला टेकलेले होते, तरी तो बारीक, सरळ, लांबणारा सूर तेव्हाच उतरला. दरवर्षी मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या नावाने गाणे होते. तिथे बसणाऱ्यांनी त्यांचा जो सूर कानांत साठवला आहे, तो मुख्यतः या विजेच्या तबकड्यांतला आहे. आणि हो, त्या काळच्या सगळ्या तबकड्यांत, शिकागोच्या काय नि मुंबईच्या काय, जी लाख असे ती प्रामुख्याने हिंदुस्थानातून जाई. मणियाराच्या भट्टीवर बांगडीला लागते तीच.

इथे समीक्षेचा एक जुना धडा आठवतो. हदीसच्या अभ्यासकांनी मतन आणि इस्नाद असे दोन भाग केले. काय सांगितले हे एक, आणि कुणाकुणाच्या तोंडून आपल्यापर्यंत आले हे दुसरे. प्रत्येक रावी विश्वासू आहे की नाही हे तपासल्याशिवाय ते मतनाकडे जात नसत. गाण्याची बरोबरी हदीसशी करण्याचा आमचा इरादा नाही; शिस्त तेवढी उसनी घेत आहोत. 'वेदर बर्ड' आपण ऐकतो ते मेणावरून धातूच्या साच्यावर, साच्यावरून लाखेवर, लाखेवरून फितीवर आणि फितीवरून सीडीवर वा मोबाईलवर आलेले असते. मध्ये कुणीतरी खरखर काढण्याच्या नादात ट्रम्पेटचे वरचे उपस्वर आणि खोलीची हवाही काढून टाकलेली असते. कुणी तबकडी चुकीच्या गतीने फिरवलेली असते. 'अठ्ठ्याहत्तर'च्या तबकड्या नेमक्या अठ्ठ्याहत्तर गतीने मुद्रित होतच असे नव्हे. पियानो असलेल्या तबकडीत ही गती पकडता येते, कारण पियानोचे स्वर ठरलेले. तबकडी वेगात फिरली की सगळी पट्टी वर सरकते आणि तो परक्या सुरात बोलू लागतो. या सनदीतला सिका रावी म्हणजे पियानो. खाँसाहेबांच्या तबकड्यांत असा साक्षीदार नाही. त्यांची खरी पट्टी कोणती, यावर म्हणूनच मतभेद होऊ शकतात. आणि जिथे सनद कच्ची, तिथे 'जुन्या आवाजाची ऊब' म्हणून आपण कुणा अनोळखी तंत्रज्ञाच्या आवडीलाच दाद देत असू.

फीत आल्यावर काय झाले? १९४८नंतर अमेरिकेत ती झपाट्याने पसरली. सेकंदाला पंधरा इंच गतीने फिरणाऱ्या मोठ्या रिळावर अर्धा तास वाजवता येऊ लागले. कापून जोडताही येऊ लागले. तरीही या जोडीचे आमच्या मते सर्वांत निर्मळ मुद्रण याच काळातले आहे: १९५५ साली व्हॅनगार्डसाठी रूबी ब्राफ आणि एलिस लार्किन्स यांनी वाजवलेले. जॉन हॅमंड यांच्या देखरेखीखाली ही कंपनी ब्रुकलिनच्या एका मेसॉनिक सभागृहात एकाच मायक्रोफोनवर जॅझ मुद्रित करण्याचा प्रयोग करत होती. लार्किन्स हा गायकांना साथ करून तयार झालेला माणूस. एला फिट्झजेराल्डच्या १९५०च्या गर्श्विन-गीतांना एकट्या त्याच्याच पियानोची साथ आहे. ट्रम्पेटला तो गळ्यासारखा सांभाळतो. ब्राफही इतक्या हळू वाजवतो, की ट्रम्पेट हे लढाईचे वाद्य आहे हे विसरायला होते. इथे झटापट नाही. दोघे एका दिवाणखान्यात बसून जुन्या ओळखीच्या माणसाविषयी बोलत आहेत, असे काहीसे आहे. सभागृहाची पोकळी दोघांच्या मागे सारखीच ऐकू येते. सोबतीची ही दुसरी तऱ्हा, आणि तीही एकच मायक्रोफोन असल्यामुळे झाकून राहत नाही.

१९७४च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये डिझी गिलेस्पी आणि ऑस्कर पीटरसन यांनी नॉर्मन ग्रँझच्या पाब्लो कंपनीसाठी मुद्रण केले. त्या सुमारास पीटरसनने एकामागून एक पाच ट्रम्पेटवादकांबरोबर असे संच काढले. यंत्र आजच्या व्याख्येने जुनेच, फीतच. आमचे मत इथे अनेकांना पटणार नाही: यात करामत फार आणि ऐकणे कमी आहे. पीटरसनचे दहा बोटांचे वैभव एक क्षणही मोकळा सोडत नाही. गिलेस्पीला जागा मागून घ्यावी लागते. गिलेस्पीसारख्या विनोदी, तिरक्या चालीच्या वादकाला शांतता लागते, थांबून डोळा मारायला जागा लागते. जुनी फीत त्याला ती देऊ शकली नाही.

आजचे हौशी मुद्रक रिबन मायक्रोफोनच्या मागे लागतात, त्यामागे एक शहाणपणही आहे. दोन चुंबकांमध्ये लटकवलेली अ‍ॅल्युमिनियमची ती पातळ पट्टी पुढून आणि मागून सारखेच ऐकते. दोन्ही बगलांना मात्र ती बहिरी असते. एका बाजूला पियानो, दुसऱ्या बाजूला ट्रम्पेट, मध्ये मायक्रोफोन: इतका साधा इन्साफ दुसऱ्या यंत्रात नाही. ट्रम्पेटवाल्याने फार जवळ येऊन जोरात फुंकले तर पट्टी ताणली जाऊन निकामी होऊ शकते, म्हणून अंतर राखावेच लागते. तबकडीच्या वेष्टनावर मायक्रोफोनचे नाव, साल आणि फितीची गती हौसेने छापतात. दोघे एकमेकांपासून किती फुटांवर होते, पियानोचे झाकण किती उघडे होते, पहिलेच वादन घेतले की अकरावे, हे कुणी छापत नाही. आम्हांला ते हवे आहे.

जुन्या यंत्राचा कसलाही टेंभा न मिरवणारे एक अलीकडचे मुद्रण शेवटी सांगतो. ऑक्टोबर २०१५मध्ये वादादा लिओ स्मिथ (ट्रम्पेट) आणि विजय अय्यर (पियानो) यांनी न्यूयॉर्कच्या अ‍ॅव्हटार स्टुडिओत ईसीएम कंपनीसाठी वाजवले. १९७७ साली 'पॉवर स्टेशन' म्हणून उभ्या राहिलेल्या या वास्तूतली लाकडी, घुमटाकार खोली मुद्रकांत नावाजलेली. मार्च २०१६मध्ये ते प्रसिद्ध झाले. यातली मुख्य मालिका अर्पण केली आहे नसरीन मोहम्मदी हिला. १९३७ साली कराचीत जन्मलेली, मुंबईत वाढलेली, बडोद्यात शिकवणारी ही चित्रकार १९९० साली अलिबागजवळच्या किहीमला वारली. मेट ब्रॉयर हे संग्रहालय उघडले, तेव्हा तिच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन तिथे लागले होते. ही मालिका त्याच निमित्ताने रचलेली. आपल्या साहित्यिक वर्तुळात नसरीनवर फारसे लिहिले गेलेले नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

कागदावर पेन्सिलीने आणि शाईने ओढलेल्या बारीक सरळ रेषा, आणि रेषांपेक्षा जास्त कोरा कागद, असे तिचे काम. स्मिथ तसाच एक लांब स्वर ओढतो आणि सोडून देतो. अय्यर लगेच उत्तर देत नाही. खालच्या पट्टीत एखादा स्वर ठेवतो, कधी विजेच्या पियानोचा किंवा यंत्राचा बारीक गुंजारव चालू असतो. स्मिथचा स्वर संपल्यावर तो खोलीत किती वेळ राहतो, हे ऐकू येते. १९२८च्या तबकडीत ही जागा खरखरीने भरलेली होती आणि तीन मिनिटांत ती परवडणारीही नव्हती. हे मुद्रण हेडफोन लावून ऐकू नये. रात्री घरातले पंखे बंद करून, स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढे ओढून ऐकावे.